सोलकर बँडची चौथी पिढी

कुवेतमधल्या राई भागात, गॅरेजांच्या गल्लीत 'जहीर सोलकर कुठे असतात' असं विचारलंत तर कुणी उभंही राहणार नाही. 'डेंटर जहीर' म्हणा, मग पेशावरचा रंगारी, इजिप्तहून आलेला मिसरी इलेक्ट्रिशियन आणि टपरीवरचा केरळी चहावाला असे तिघेही एकाच शटरकडे बोट दाखवतील. चेपलेली दारं, मुडपलेली बॉनेटं, वाळवंटात उंटाला धडकून आलेली मडगार्डं, सगळं या माणसाच्या हाताखालून सरळ होऊन जातं. तो पत्रा हातोडीने हलकेच वाजवतो आणि कान देऊन ऐकतो. आवाज बद्द आला की तिथे अजून पोचा आहे असं समजायचं. डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवणारा डेंटर अख्ख्या गल्लीत हा एकटाच, आणि त्याला कारण होतं. ते कारण त्याने कुवेतमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं.

तसं ते रोज चव्हाट्यावर येत होतं म्हणा. संध्याकाळी राईतून फरवानियाला घरी निघाला की जहीर गाडीच्या काचा वर करायचा, ओठ घट्ट मिटायचा आणि त्यांच्यातून हवा सोडत सिग्नलमागून सिग्नल पार करायचा. फर्र फर्र असा आवाज निघायचा. शेजारच्या गाडीतली पोरं त्याला वेडावून दाखवायची. हाही हात हलवायचा, पण थांबायचा नाही. ट्रंपेट हातातून सुटलं तरी चालेल, पण ओठ मरू द्यायचे नाहीत, हे त्याला बापाने सांगून ठेवलं होतं आणि आयुष्यात बापाचं एवढं एकच त्याने तंतोतंत ऐकलं.

त्याचा बाप म्हणजे राजापूरचे दाऊदमास्तर. सोलकर ब्रास बँडचे मालक, मास्तर, हिशेबनीस आणि पहिलं ट्रंपेट, सगळं एकाच देहात. त्यांचे वडील संस्थानी पोलिसांच्या बँडात होते. संस्थान गेलं, बँड मोडला, तेव्हा त्यांनी स्वतःचा उभा केला. तालुक्यात लग्न कुणाचंही असो, हिंदूचं की मुसलमानाचं, वाणसामान आणि सोलकर बँड या दोन गोष्टी आधी सांगून ठेवाव्या लागत. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, आणि पायांत मात्र ज्याच्या त्याच्या चपला. कोटाचे पैसे जुळत, बुटांचे जुळत नसत.

मिसरूड फुटलं तेव्हापासून जहीर त्या बँडात दुसरं ट्रंपेट. आणि दुसऱ्या ट्रंपेटचं काम लोकांना वाटतं तसं पहिल्याच्या मागे मागे वाजवणं नव्हे. वरात चालत असते, चढण येते, वाजवणाऱ्याचा दम तुटतो. म्हणून सोलकर बँडचा कायदा होता: दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एक हवा घेणार तेव्हा दुसऱ्याने सूर उचललेला असला पाहिजे, तोही असा की सांधा कुणाला कळता कामा नये. त्यासाठी कान पुरत नाहीत, जोडीदाराच्या खांद्यावर नजर ठेवावी लागते. खांदा वर गेला की समजायचं, हा आता सोडणार. "सूर रस्त्यावर पडाचा नाय," दाऊदमास्तर म्हणत, आणि पडलाच तर वरात संपल्यावर पोराच्या पाठीत एक बसे.

पुढे कुवेतचा व्हिसा आला आणि त्यामागोमाग झुलेखाचं स्थळ. झुलेखाच्या बापाला मुलगा पसंत होता, कुवेत तर फारच पसंत होतं, फक्त बँड नको होता. "कुवेतवाला जावई चालल, बाजेवाला नाय," त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या थोरल्या मुलीच्या लग्नात हाच बँड मोठ्या मानाने आणला होता, पण दारात वाजवायला आणणं वेगळं आणि दारात जावई म्हणून घेणं वेगळं. जगाची रीतच ती. जहीरने शब्द दिला. ट्रंपेट राजापूरलाच राहिलं, बापाच्या पश्चात बँडबरोबर दुसऱ्याच्या हाती गेलं. कुवेतमधल्या कोकणी मंडळींत कुणी विचारलंच तर झुलेखा सांगायची, सासऱ्यांचं गावात दुकान होतं; सोलकर आडनावाची घरं तालुक्यात पुष्कळ, म्हणून कुणी खोदून विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं ब्रीद.

पण खाण तशी माती. थोरली झरीन आईवर गेली, नीटनेटकी, बेताचं बोलणारी. शिकून एका क्लिनिकमध्ये लागली. धाकटी मेहविश मात्र सातवीत असताना शाळेतून आली आणि म्हणाली की बँडमध्ये तिने ट्रंपेट घेतलंय. इंग्रजीतच म्हणाली, ती घरात बहुतेक इंग्रजीतच बोलते, आईबाप कोकणीत विचारतात आणि ती तिकडून उत्तर देते, कुणाचं काही अडत नाही. झुलेखाच्या हातातला कालथा तव्यावरच राहिला. "बासरी नव्हती काय गं?" एवढंच ती बोलली. जहीर उठून बाथरूममध्ये गेला, नळ सोडला आणि आरशासमोर उभा राहून पोटभर हसला.

त्यानंतर या माणसाने जे केलं त्याला चोरी म्हणायची की शिकवणी हे ज्याचं त्याने ठरवावं. पोरगी खोलीत सराव करायला लागली की हा दारावरून जाताना पुटपुटायचा, गाल नको फुगवूस, पोटातून सोड. कधी म्हणायचा, वरचा सूर घ्यायला ओठ दाबायचे नसतात, हवा पातळ करायची असते. तुम्हाला कसं माहीत, असं तिने विचारलं की सांगायचा, यूट्यूबवर बघितलं. मेहविशच्या मनात बापाची प्रतिमा तयार झाली होती ती रात्रंदिवस यूट्यूबवर ट्रंपेटचे धडे बघणाऱ्या एका विक्षिप्त डेंटरची.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी दोघं राईच्या जुन्या बाजारात गेली होती. तिथे जुने गालिचे, पोपट, सायकली आणि लोकांनी घर सोडताना टाकून दिलेलं सगळं काही मिळतं. एका इराण्याच्या पथारीवर मेहविशला एक मोठी काळी तबकडी सापडली. पाकिटावर दोन माणसं ट्रंपेटं एकमेकांसमोर धरून उभी होती, एक केस पिकलेला, एक कोवळा. अमेरिकेतली, पन्नासच्या दशकातली जॅझची तबकडी. मेहविशला त्या दोघांची नावं पाठ झाली. जहीरने त्यांना थोरला आणि धाकटा अशी नावं दिली आणि शेवटपर्यंत तीच वापरली.

घरी तबकडी वाजवायला काही नव्हतं. शहराबाहेरच्या मंगफ भागात लक्ष्मीकांत राहायचे, हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणारे, पुण्याचे, जुन्या ग्रामोफोनचे शौकीन. त्यांची गाडी एकदा जहीरकडे आली होती आणि तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं जमलं. त्यांचा नीरज मेहविशच्याच शाळेत, त्याच बँडात, तोही ट्रंपेटवाला. तेव्हा दुपारी सगळी मंगफच्या फ्लॅटमध्ये जमली, लक्ष्मीकांतांच्या बायकोने, रेखाने, साबुदाण्याची खिचडी केली आणि सुई तबकडीवर टेकली.

जहीर खिचडी विसरला. थोरला एक ओळ टाकत होता, धाकटा ती उचलत होता, वळवत होता, परत देत होता. गाणं ओळखीचं नव्हतं, ताल ओळखीचा नव्हता, पण त्या दोघांत जे चाललं होतं ते त्याच्या हाडांना ठाऊक होतं. नीरज आणि मेहविश आपसांत पैजा लावत होते, आता वाजवतोय तो कोण. जहीरने डोळे मिटले होते. थोरला कुठे दमतोय आणि धाकटा कुठे त्याला सांभाळून घेतोय हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि मिटलेल्या पापण्यांखालून पाणी ओघळलं होतं. रेखाने विचारलं, जहीरभाई, मिरची जास्त झाली का? तो हो म्हणाला.

त्या तबकडीतलं पहिलंच गाणं बसवायचं पोरांनी ठरवलं. हिवाळ्यात दस्मानला समुद्राकाठच्या एका सभागृहात मराठी मंडळींचा कार्यक्रम होता, निवेदन रेखाकडे होतं. शाळेतली आणखी दोघं मुलं ड्रम आणि बेस गिटार घेऊन आली. सगळं छान चाललं होतं आणि नीरज सायकलवरून पडला. हात मोडला असता तरी निभावलं असतं, फुटला तो नेमका वरचा ओठ. टाके पडले. डॉक्टरांनी सांगितलं, ट्रंपेट काही महिने विसरा.

मेहविश दोन दिवस जेवली नाही. एकट्याने ते गाणं होण्यासारखं नव्हतं, दोघांचंच होतं ते. कुवेतमध्ये ट्रंपेट वाजवणारे नसतील असं नाही, पण असे शेवटच्या क्षणी कुठून आणणार? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जहीर घरी आला, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात जाऊन झुलेखाला म्हणाला, "मी वाजवतो तिच्याबरोबर."

झुलेखाने गॅस बंद केला. तिचं म्हणणं असं होतं, आणि ते खोटं नव्हतं, की वेळ पाहा. झरीनची सोयरीक नुकतीच जुळली होती. स्थळ होतं सर्फराज परकारांच्या मुलाचं. परकार मूळचे राजापूरजवळच्या नाटे गावचे, पिढीजात गलबतांचे मालक, इथे शुवैखला त्यांचं मोटारींच्या सुट्या भागांचं मोठं दुकान. मे महिन्यात गावी निकाह ठरला होता. झरीनला मुलगा मनापासून आवडला होता, पहिल्यांदाच तिने तोंड उघडून हो म्हटलं होतं. आणि दस्मानच्या कार्यक्रमाला परकार सहकुटुंब पुढच्या रांगेत असणार होते. त्यांच्यासमोर सोलकर बँडवाल्याचा पोर ट्रंपेट घेऊन उभा राहिला आणि कुणी दोन आणि दोन चार केले तर? मोडलेली सोयरीक मुलीच्या अंगावर डागासारखी राहते.

जहीरने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की झरीनसाठी तो एवढी वर्षं गप्प राहिला, मेहविशसाठी तीन मिनिटं वाजवायचं म्हणतोय. शेवटी तोड निघाली ती झुलेखाच्याच डोक्यातून. रेखाला सांगायचं की जहीरला हौस आहे, मुलीपायी घरच्या घरी शिकला. हौशी बाप म्हटलं की लोक कौतुकच करतात. हौशीला जातगोत नसतं, धंदा नसतो, बाप नसतो. जहीरला तो शब्द घशात हाडकासारखा लागला, पण त्याने मान डोलावली.

नीरजचं ट्रंपेट हातात आलं तेव्हा त्याने ते आधी उलटसुलट करून पाहिलं. असलं वाद्य दाऊदमास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांच्या ट्रंपेटला कथलाचे डाग दिलेले आणि बटणाला सुताचा दोरा. दुपारच्या सुट्टीत तो गॅरेजमध्ये दुरुस्तीला आलेल्या एखाद्या ढेरपोट्या जीपमध्ये शिरायचा, काचा लावायचा आणि वाजवायचा. पहिल्या आठवड्यात जे निघालं त्याला सूर म्हणणं कठीण होतं. मिसरी इलेक्ट्रिशियनने दोनदा त्या जीपचा हॉर्न तपासला. पण ओठ मेले नव्हते. हळूहळू सूर परत आले, आधी रुसून, मग हक्काने.

तालीम मंगफलाच. ओठाला पट्टी लावलेला नीरज ताल मोजायला बसला होता. पहिल्याच फेरीत मेहविशने एक लांब सूर धरला, दम संपत आला, आणि तो सूर सोडण्याआधीच बापाने असा अलगद उचलला की ती वाजवायचं थांबून त्याच्याकडे बघत राहिली. मी श्वास घेणार हे तुम्हाला कसं कळलं, तिने विचारलं. खांदा उचललास ना, तो म्हणाला. तिच्या मनात नोंद झाली.

खरी पंचाईत पुढेच होती. त्या गाण्यात एक जागा आहे. दोन्ही ट्रंपेटं एकदम थांबतात. नुसता बेस चार पावलं चालून जातो आणि मग दोघं एकदम वर उसळतात. सगळी गंमत त्या रिकाम्या जागेत. आणि जहीरला ती रिकामी ठेवता येईना. मेहविश थांबली की त्याचे ओठ आपोआप कामाला लागत, कुठलं तरी जोडकाम करून तो सूर पुढे नेऊन पोचवे. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी बेसवाल्या पोरानेच कपाळाला हात लावला.

"अब्बा, लीव्ह इट एम्प्टी," मेहविश वैतागून म्हणाली. "तिथे काही नाहीये. काही वाजवायचं नाहीये."

"सूर पडतो गं तिथे."

"पडू दे ना!"

"पडू दे काय? आमच्यात दोघं एकदम थांबले तर वरात थांबते. बाया दारात धावत येतात, कुणाला काय झालं म्हणून."

मेहविशने ट्रंपेट खाली घेतलं आणि विचारलं, "आमच्यात म्हणजे कुणात?"

जहीर ट्रंपेटचं तोंड रुमालाने पुसू लागला. लक्ष्मीकांत शहाणे, त्यांनी चहाचं निमित्त काढून पोरांना आत नेलं. पण उत्तर मिळालं ते परतीच्या वाटेवर गाडीत. मंगफहून फरवानियापर्यंत जहीर बोलत होता. लाल कोट, चपला, चढणीवरचा दम, दाऊदमास्तरांचा धपाटा, आजोबांचा पोलीस बँड, झुलेखाच्या बापाची म्हणजे नानाजानची अट. एका दमात बोलला, मध्ये कुठे श्वास घेतला नाही. मेहविशने त्याला एकदाही अडवलं नाही. घराखाली गाडी लागली तरी ती उतरेना.

मग ती चिडली. ही गोष्ट आपल्या घरात होती आणि मी शाळेतल्या सरांचे आभार मानत बसले, असं काहीबाही इंग्रजीत बोलत सुटली. दोन मिनिटं दम खाल्ला आणि सरळ विचारलं, तुम्हाला लाज वाटते का याची?

"लाज मना नाय वाटत," जहीर म्हणाला. "लाज लोकांना वाटते. मी नुसती त्यांची सांभाळून ठेवलेय."

मेहविशने झरीनसाठी मे महिन्यापर्यंत गप्प राहायचं कबूल केलं. पण गाडीतून उतरताना तिने दार जरा जोरातच लावलं, आणि डेंटर असूनही जहीरला त्याचं काही वाटलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. लेझीम झालं, लहान मुलांचं नाटुकलं झालं, कुणीतरी भावगीत गायलं. पुढच्या रांगेत सर्फराज परकार पांढऱ्या पायघोळ अरबी दिशदाशात ताठ बसले होते, शेजारी बायको, मुलगा, आणि पलीकडे झरीन आणि झुलेखा. झुलेखाच्या हातात तसबीह होती आणि मणी नेहमीपेक्षा भरभर सरकत होते.

बापलेक रंगमंचावर आले. जहीरने लग्नातला काळा कोट घातला होता. ड्रम सुरू झाला, बेस आला, आणि मेहविशने पहिली ओळ टाकली. जहीरने ती उचलली. एवढी वर्षं गाडीच्या बंद काचांमागे फुरफुरणारा तो श्वास आता अख्ख्या सभागृहात उभा राहिला, आणि मागच्या रांगांमधली कुजबुज बंद झाली. पोरगी अवखळ वाजवत होती, नवनव्या वाटा काढत होती, बाप शांतपणे तिच्या मागे चालत होता, पुढे जाऊ देत होता, आणि मधूनच असा एक सूर टाकत होता की ती वाजवता वाजवता हसत होती. सांधे कुणाला दिसले नाहीत. ती रिकामी जागा आली. जहीरने ट्रंपेट ओठांपासून दूर केलं, डावी मूठ घट्ट आवळली आणि गप्प राहिला. त्याच्या पिंडऱ्यांना चालायची ओढ लागली होती. जन्मात एवढं अवघड काही त्याने वाजवलं नव्हतं. बेस चार पावलं चालून गेला आणि मग दोन्ही ट्रंपेटं मिळून अशी उसळली की लक्ष्मीकांत खुर्चीतून अर्धे उठले.

टाळ्या थांबेनात. जहीरने मुलीकडे पाहिलं. घामाने कपाळावर केस चिकटलेले, डोळे लकाकत होते. आपलं पोर आपल्यापेक्षा चांगलं वाजवतंय हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि बापाला यापेक्षा मोठं सुख नसतं. दाऊदमास्तर इथे हवे होते, असं त्याला फार वाटलं.

रेखा माइकपाशी आली. तिने मेहनत घेतली होती, तबकडीच्या पाकिटावरचा मजकूर वाचून आली होती. ती सांगू लागली की हे दोन महान वादक गरीब घरांतले. कुठल्या विद्यालयात गेले नाहीत. रस्त्यावरच्या मिरवणुकांच्या बँडांत, लग्नांत आणि अंत्ययात्रांत चालता चालता शिकले. बापाकडून मुलाकडे आलेली ती विद्या. आणि जगाने त्यांना डोक्यावर घेतलं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. परकारांनीही वाजवल्या, जहीरने पाहिलं.

"आणि आपले जहीरभाई," रेखा कौतुकाने म्हणाली, "यांचा तर संगीताशी काही संबंध नाही. केवळ मुलीच्या हौसेखातर..."

मेहविशने मान खाली घातली होती. ती ट्रंपेटच्या बटणांशी उगाच चाळा करत होती. तिने शब्द दिला होता आणि ती तो पाळत होती, आणि पाळताना तिचा चेहरा जो झाला होता तो जहीरला बघवेना. तो वयात आलेल्या पोरीचा चेहरा नव्हता, तो सासऱ्यासमोर उभ्या असलेल्या जहीरचा चेहरा होता. आपण सांभाळलेली लाज आता हिच्या हातात दिलीय, हे त्याच्या ध्यानात आलं. झुलेखाकडे त्याने पाहिलं. तिला कळलं. मणी थांबले. तिने नकाराची मान हलवली नाही आणि होकाराचीही नाही.

"वहिनी, जरा द्याल?" तो म्हणाला आणि माइक घेतला.

"मी हौशी नाय," जहीर म्हणाला. "माझे आजोबा बँडवाले. बाप बँडवाला. मी बँडवाला. राजापूरचा सोलकर ब्रास बँड. लोकांच्या वरातीत आम्ही चाललो, त्याचे पैसे घेतले, त्यावर मी मोठा झालो. ही माझी मुलगी मेहविश, ही चौथी पिढी. त्या दोघा अमेरिकनांना तुम्ही आत्ता टाळ्या दिल्यात. त्यांतल्या थोड्या माझ्या बापाच्या आहेत. तेवढ्या त्याला द्या."

आधी लक्ष्मीकांत उभे राहिले, मग मागची एक रांग, आणि मग आवाज असा उठला की रेखाला डोळे पुसायला वेळ मिळाला. झुलेखाने तसबीह पर्समध्ये ठेवली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, नवऱ्यासाठी चारचौघांत आयुष्यात पहिल्यांदा. फक्त सर्फराज परकार हाताची घडी घालून बसून राहिले.

कार्यक्रम संपल्यावर सगळे बाहेर समुद्राकडच्या फरसबंदीवर आले. झरीन आईला चिकटून उभी होती. वडिलांवर ती रागावली नव्हती, पण तिचा रंग उडाला होता. जहीरने तिच्या डोक्यावर हात ठेवला. जे केलं त्याचा पस्तावा त्याला होत नव्हता आणि जे होईल त्याची भीती वाटत होती, दोन्ही एकाच वेळी.

परकार घरच्यांना थांबवून एकटेच चालत आले.

"माझ्या लग्नात राजापूरचाच बँड होता," ते म्हणाले. "नाट्याच्या जेटीपासून आमच्या दारापर्यंत. चढण हाय ती तुम्हाला म्हायती असेल."

"म्हायती हाय," जहीर म्हणाला.

"दोन ट्रंपेटं होती. एक म्हातारा, एक तरणा. सबंध चढणीवर सूर तुटला नाय. लोक अजून बोलतात घरात." परकारांनी जहीरकडे निरखून पाहिलं. "तो तरणा तुम्ही?"

"असेन. नवरा मना आठवत नाय. सेहऱ्याच्या फुलांत तोंड दिसतं कुठे?"

परकारांना हसू आलं, पण ते लगेच मावळलं. ते समुद्राकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी जे विचारलं ते फार हळू विचारलं.

"त्या दिवशी जेवलात कुठे तुम्ही?"

जहीरला खोटं बोलता आलं असतं. पण आजच्या दिवसात आणखी एक खोटं मावणार नव्हतं.

"मागच्या पडवीत," तो म्हणाला. "सगळ्यांचं झाल्यावर. रस्सा होता, मटण संपलं होतं."

परकारांची मान खाली गेली. पलीकडे त्यांची बायको, मुलगा, इकडे झुलेखा, झरीन, सगळी श्वास रोखून उभी होती. मग त्यांनी मान वर केली आणि जहीरचा हात दोन्ही हातांत घेतला. मे महिन्यात मांडवात पहिल्या पंगतीला, माझ्या शेजारी तुम्ही बसायचं, ते म्हणाले. व्याही म्हणून.

झुलेखाच्या तोंडून हुंदका फुटला. एवढ्यावर दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. जहीर ताठ उभा होता, दाऊदमास्तर बँडच्या पुढे उभे राहत तसा.

"बसेन," तो म्हणाला. "पण दुसऱ्या पंगतीला. पहिली पंगत बँडवाल्यांची."